शिधाकोठाराची भिंत : प्लिमथच्या रॉयल विल्यम यार्डाचा जीर्णोद्धार

मंडळी, मागच्या रांगेत ऐकू येतंय ना? बरं, सुरुवात करू.

आजचा विषय वाचून दोघातिघांनी आम्हांला आधीच विचारलं, की इंग्लंडच्या नौदलाच्या एका जुन्या कोठाराशी आपलं काय देणंघेणं? थोडं आहे, ते ओघात येईलच. पण हा विषय घेण्याचं कारण दुसरं आहे. जुन्या वास्तूचं काय करायचं हा वाद आपल्याकडे निघाला की दोनच पक्ष उभे राहतात, पाडा म्हणणारे आणि जपा म्हणणारे. आम्ही अर्थातच दुसऱ्या पक्षातले. पण जपायचं म्हणजे नक्की काय जपायचं, हे आमच्याच पक्षात फारसं कोणी विचारत नाही. जिथे जपणूक फसली, तिथे हा प्रश्न सोपा असतो, दोष दाखवला की झालं. रॉयल विल्यम यार्डात ती फसलेली नाही, म्हणून तिथे तो विचारावा असं आम्हांला वाटलं.

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला प्लिमथ हे बंदर. त्याच्या स्टोनहाउस भागात, टेमार नदी समुद्राला मिळते त्या अरुंद तोंडाशी हे यार्ड आहे. क्षेत्र साधारण १६ एकर, आणि त्यातला मोठा भाग खडक फोडून, समुद्र बुजवून मिळवलेला. आमचा सल्ला असा, की तिथे गेलात तर आधी आत शिरू नका. जवळूनच क्रेमिलची छोटी फेरीबोट सुटते, तिच्यातून समोरच्या काठावर जा आणि मागे वळून बघा. करड्या चुनखडीच्या भिंती, कोपऱ्यांना आणि कडांना ग्रॅनाइट, मधोमध घड्याळाचा मनोरा, आणि खाली थेट पाण्यात उतरलेला धक्का. कोणाला राजवाडा वाटेल, कोणाला विद्यापीठ. प्रत्यक्षात इथे पीठ दळलं जायचं, बिस्किटं भाजली जायची, गुरं कापली जायची आणि पिंपं भरली जायची. हे आरमाराचं शिधाकोठार होतं.

आता कोठाराला एवढा थाट कशाला? हे कळायला आधी जहाजावरच्या खलाशाच्या ताटात डोकवावं लागतं. अठराव्या शतकात ब्रिटिश खलाशाला रोज एक पौंड बिस्किट आणि एक गॅलन, म्हणजे साडेचार लिटरच्या आसपास, बीअर मिळायची. बिस्किट म्हणजे आपण चहात बुडवतो ते नव्हे, दगडासारखी कडक भाकरी समजा. आठवड्यात चार दिवस खारवलेलं मांस, उरलेले तीन दिवस वाटाणे, ओट, लोणी, चीज. या बिनमांसाच्या दिवसांना खलाशी काय म्हणत, माहीत आहे? बॅनियन डेज. म्हणजे वाण्यांचे दिवस! आपल्या पश्चिम किनाऱ्यावर इंग्रजांना जे शाकाहारी वाणी व्यापारी भेटले, त्यांच्यावरून हा शब्द आला. उपासाला आपलं नाव मिळालं, यात खूश व्हायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

हा हिशेब कागदावरचा. प्रत्यक्षात जहाजावरचा कोठावळा सोळा औंसांच्या पौंडाऐवजी चौदा औंस मोजून द्यायचा. दोन औंस सांडलवंड आणि नासाडीच्या नावाखाली कापलेले. हा लपूनछपून केलेला प्रकार नव्हता, रूढ वहिवाट होती, त्याला ‘कोठावळ्याचा पौंड’ असं नावच होतं. १७९७ साली स्पिटहेडला नांगरलेल्या ताफ्यातल्या खलाशांनी बंड केलं, तेव्हा पगारवाढीबरोबर त्यांची एक मागणी होती, पौंड सोळा औंसांचा असावा. फ्रान्सशी युद्ध चालू होतं. सरकारला ऐकावं लागलं.

यार्डाचा थाट आम्ही या मागणीशेजारी ठेवून वाचतो. त्याआधी प्लिमथचा शिधा विखुरलेला होता, कोठारं गावाच्या जुन्या बंदराजवळ आणि बीअर गाळण्याची जागा खाडीपलीकडे. जेवढ्या जागा, तेवढ्या गळती. १८२६ मध्ये काम सुरू झालं ते सगळं एका भिंतीआड आणण्यासाठी. एका बाजूने धान्य, गुरं आणि लाकूड आत यावं, दुसऱ्या बाजूने बिस्किट, खारं मांस आणि भरलेली पिंपं जहाजावर चढावीत, आणि मधलं सगळं सरकारी नजरेखाली व्हावं. काम १८३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत चाललं. रचनाकार सर जॉन रेनी, धाकटे. (लंडन ब्रिज वडिलांच्या आराखड्यावरून यांनीच पुरा केला. तो पुढे अमेरिकेला विकला गेला आणि आज ॲरिझोनाच्या वाळवंटात उभा आहे. जपणुकीचा तोही एक प्रकार!)

दरवाजा बघा. वर राजा चौथा विल्यम, सुमारे चार मीटर उंच. त्याच्या जोडीला नांगर, आणि दगडात कोरलेली बैलांची मुंडकी. आत काय चालतं हे इतक्या उघडपणे सांगणारा राजदरवाजा आम्हांला दुसरा माहीत नाही. आतल्या मुख्य कोठाराचं नाव मेलव्हिल, नौदलाच्या मंत्र्यावरून. या मंत्र्याच्या वडिलांवर नौदलाच्या पैशात अफरातफर केल्याचा खटला संसदेत चालला होता आणि १८०६ मध्ये ते सुटले. चोरी थांबवायला बांधलेल्या कोठाराला त्या घराण्याचं नाव. इतिहास कधीकधी फारच कमी कष्टात विनोद करतो.

पण खरा विनोद पुढे आहे. यार्डात बीअर गाळण्यासाठी एक भलीमोठी इमारत बांधली, ब्रूहाउस. ती उभी राहत होती तोवर, १८३१ मध्ये, नौदलाने खलाशांची बीअर बंद केली. कारण साधं होतं. लाकडी पिंपातलं पाणी नासायचं म्हणून बीअर दिली जायची. आता जहाजांवर लोखंडी टाक्या आल्या, पाणी टिकू लागलं, चहा आणि कोको आले. ब्रूहाउसात बीअर कधीच गाळली गेली नाही. इमारत जन्मली तीच बेरोजगार. पुढे तिला दुसरीतिसरी कामं दिली गेली.

हे आम्ही मुद्दाम सांगतोय. वास्तूचा ‘मूळ उपयोग’ जपा, असं आमच्या पक्षातले लोक हिरिरीने म्हणतात. इथे मूळ उपयोग कुठून आणणार? उलट बेकरी बघा. तिथे वाफेच्या इंजिनांवर जाती फिरायची. त्याच सुमारास गॉस्पोर्टच्या शिधाकोठारात टॉमस ग्रँट नावाच्या अधिकाऱ्याने बिस्किटं कापायचं वाफेवरचं यंत्र काढलं. त्या बिस्किटाला सहा कडा होत्या, म्हणजे लाटलेल्या कणकेतलं काही वाया जात नाही. मधमाशीचं पोळं आठवा. कारखाना हा शब्द आपण कापडगिरणीसाठी राखून ठेवतो, पण सरकारने स्वतः चालवलेले सुरुवातीचे मोठे यंत्रकारखाने भाकरीचे होते. या अर्थाने यार्ड हे एक यंत्र होतं आणि इमारती त्याचे भाग. १९४१ च्या बॉम्बहल्ल्यांत प्लिमथचं मध्यवर्ती शहर जळून गेलं, यार्ड बव्हंशी वाचलं. १९९२ मध्ये नौदलाने ते सोडलं.

मग जीर्णोद्धार. हा शब्द आपण देवळातून घेतला आहे. देवळाचा जीर्णोद्धार होतो तेव्हा कळस नवा येतो, सभामंडपाला नवी फरशी येते, कधी अख्खं देऊळ नवं होतं, पण देव तोच राहतो. इथे नेमकं उलटं झालं. देऊळ जसंच्या तसं राहिलं आणि देव निघून गेला. त्यामुळे हा शब्द इथे चालतो का, याबद्दल आमच्या मनात शंका आहे. दुसरा शब्द सुचत नाही म्हणून वापरतो.

काम कसं झालं? चांगलं झालं, हे आधी सांगून टाकू. सरकारी विकास संस्था आणि अर्बन स्प्लॅश ही मँचेस्टरची कंपनी, यांनी टप्प्याटप्प्याने केलं. क्लॅरेन्स, ब्रूहाउस आणि बेकरीत घरं झाली, तळमजल्यावर उपाहारगृहं आली. पिंप बनवणाऱ्या कारागिरांच्या जागेत कलाकारांचे स्टुडिओ आले, मेलव्हिलमध्ये सिनेमागृह. लोखंडी खांब झाकले नाहीत, दगडी भिंतींना गिलावा फासला नाही. नवं ते नवं दिसतं, जुन्याचं सोंग घेत नाही. ज्यांनी लोअर परळला मॉलच्या अंगणात एकटी उभी असलेली गिरणीची चिमणी बघितली आहे, त्यांना इथे अख्खं यार्ड उभं आहे याचं मोल सांगायला नको.

तरीही दिवसभर तिथे फिरून आम्ही बाहेर पडलो तेव्हा एक गोष्ट खटकत राहिली. चौदा औंस कुठेच भेटले नाहीत. माहितीफलकांवर राजा असतो, रेनी असतो, दगड असतो. तराजू नाही. कत्तलखान्याचा वास तर कोणी परत आणू नये, मान्य. पण इथे शेकडो माणसं पिठाने पांढरी आणि रक्ताने लाल होऊन काम करत होती, आणि हे सगळं एका भुकेल्या माणसाला पुरा पौंड मिळावा म्हणून उभं राहिलं, ही गोष्ट त्या स्वच्छ धुतलेल्या भिंतींवरून पार निघून गेली आहे. सरकारला जो चेहरा दाखवायचा होता तोच जीर्णोद्धाराने आणखी घासूनपुसून दाखवला.

याच्या उलटं टोक बघायचं तर हार्टलपूलला जा. तिथे ‘ट्रिंकोमाली’ हे युद्धजहाज तरंगतं आहे. हे आपलं जहाज, १८१७ मध्ये मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेलं, आणि आजही पाण्यावर आहे. त्याची दुरुस्ती उत्तम झाली. पण त्याच्याभोवती जो जुना धक्का दिसतो, दुकानं, पुतळे वगैरे, तो नव्याने उभारलेला देखावा आहे. जहाज खरं, धक्का खोटा. मात्र तिथे आलेल्या शाळकरी मुलाला खलाशी काय खायचा हे कळतं. प्लिमथला धक्का शंभर टक्के खरा, आणि त्या मुलाला तिथे पिझ्झा मिळतो. यातलं कोणतं बरं, याचं उत्तर आम्हांला अजून झटकन देता येत नाही.

आणि घरं कोणासाठी? लंडनमध्ये डेप्टफर्डलाही असंच शिधाकोठार होतं. ते १९६१ मध्ये बंद झालं, बहुतेक पाडलं, आणि त्या जागी सरकारी भाड्याच्या घरांची पेपीज इस्टेट उभी राहिली. वास्तुप्रेमींनी हळहळावं अशीच घटना. पण तिथे कष्टकऱ्यांना नदीकाठी घर मिळालं. पुढे त्यातलाच एक टॉवर कौन्सिलने खासगी बिल्डरला विकला, तेव्हा तेही पुण्य अर्धंच राहिलं. प्लिमथला दगड वाचला आणि त्याच्या आतली घरं बाजारभावाने विकली गेली. पैसा लागतो, तो घरं विकून येतो, हे गणित आम्हांला कळतं. घरं विकली नसती तर छपरं गळत राहिली असती, हेही खरं. पण डेप्टफर्ड हे फक्त नुकसान आणि प्लिमथ हा फक्त विजय, असं जे आमच्या पक्षात शिकवलं जातं, ते आम्ही आता तितक्या ठामपणे म्हणत नाही.

मग यार्डात आम्हांला सर्वांत आवडलं काय? भिंतीला पाडलेलं भोक. थट्टा नाही. यार्डाभोवती उंच भिंत होती, मालाची चोरी होऊ नये म्हणून. दीडशे वर्षांहून जास्त काळ शेजारच्या वस्तीतल्या माणसाला आत पाऊल टाकता येत नव्हतं. पलीकडे डेव्हिल्स पॉइंट नावाचं भूशिर आहे, गावकऱ्यांची फिरायची जागा, पण यार्डातून तिकडे जायला वाट नव्हती. २०१३ मध्ये ती भिंत एका ठिकाणी फोडली आणि धातूचा एक जिना चढवला. आता किनाऱ्यावरची पायवाट यार्डातून आरपार जाते.

जपणुकीच्या पुस्तकी नियमांनी बघितलं तर हे मोडतोडीचं कृत्य आहे. भिंत हा या वास्तूचा सर्वांत प्रामाणिक भाग होता, अविश्वासासाठी बांधलेली जागा अविश्वासासारखी दिसत होती. तीच फोडली. आणि आमच्या मते अख्ख्या जीर्णोद्धारात विचार करून घेतलेला निर्णय कुठला असेल तर हाच. बाकी सगळीकडे ‘हे कसं टिकवायचं’ एवढंच विचारलेलं दिसतं. इथे कोणीतरी ‘हे कोणापासून राखलं होतं’ असं विचारलं.

त्या जिन्यावर आम्ही बराच वेळ बसलो होतो. ओहोटी होती. डेव्हिल्स पॉइंटला समुद्राच्या पाण्याचा एक जुना तलाव आहे, पोहायचा. दोन बायका खांद्यावर टॉवेल टाकून, ओल्या केसांनी जिना उतरल्या आणि बेकरीच्या दिशेने निघून गेल्या.

आता दिवे लावा, प्रश्न घेऊ.