सणातली बाग आणि प्रेक्षकाचा प्रश्न

दिवाळीच्या आठवड्यात दूरचित्रवाणीवर बाग अवतरते. एरवी शेतीच्या कार्यक्रमात किंवा दुपारच्या गृहिणींसाठीच्या कार्यक्रमात कोपऱ्यात बसलेली ही बाग सणाला पुढे आणली जाते. गच्चीवर ओळीने मांडलेल्या रंगवलेल्या कुंड्या, भरगच्च फुललेली शेवंती, झेंडूच्या माळा, मधोमध पणत्या आणि नवी साडी नेसलेली निवेदिका. पंधरा-वीस मिनिटांत बाग उभी राहते आणि शुभेच्छा देऊन कार्यक्रम संपतो. मालिका, नाटक, चित्रपट यांच्यावर स्तंभ भरून लिहिणारे आपले समीक्षक या प्रकाराकडे फिरकत नाहीत. त्यामुळे त्याची समीक्षा, झालीच तर, प्रेक्षकच करतो. ती समीक्षा वाचायची कशी, हा या लेखाचा विषय आहे.

बागेच्या कार्यक्रमाला मिळणाऱ्या प्रतिक्रिया ढोबळमानाने दोन प्रकारच्या असतात. एक दाद: बाग सुंदर दिसली, मन प्रसन्न झाले. दुसरा प्रश्न: आमच्या शेवंतीला कळ्या का धरत नाहीत, कुंडीतली माती दगडासारखी का होते, चार दिवस पाणी आले नाही तर काय करायचे. दाद देणारा प्रेक्षक पडद्यावरची बाग पाहत असतो, तर प्रश्न विचारणारा तिच्या शेजारी स्वतःची बाग ठेवून दोन्ही ताडून पाहत असतो. ताडून पाहणे हेच समीक्षेचे पहिले काम असेल, तर बागेच्या कार्यक्रमाची खरी समीक्षा दुसऱ्या प्रकारात आहे. सणाच्या कार्यक्रमाची घडण मात्र अशी असते, की त्यात दादेला जागा असते आणि प्रश्नाला नसते. हा दोष एखाद्या निवेदिकेचा किंवा निर्मात्याचा नाही, तो त्या साच्याचा आहे. आणि मराठी प्रसारणाचा इतिहास पाहिला तर हा साचा आपला नव्हता, हेही ध्यानात येते.

ऐका, चर्चा करा, कृती करा

१९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने एक प्रयोग केला. तत्कालीन मुंबई राज्यातील पाच मराठी भाषक जिल्ह्यांत सुमारे दीडशे गावांमध्ये ‘रेडिओ ग्रामीण मंच’ स्थापन झाले. आठवड्यातून दोनदा, अर्ध्या अर्ध्या तासाचे असे एकूण वीस कार्यक्रम झाले. गावातली वीसेक माणसे एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करत आणि आपले म्हणणे व शंका केंद्राकडे लिहून पाठवत. पुढच्या कार्यक्रमांत त्या शंकांना उत्तरे मिळत. कॅनडातील शेतकरी मंचांचा नमुना त्यामागे होता. ‘ऐका, चर्चा करा, कृती करा’ हे त्याचे सूत्र. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने त्याचे मूल्यमापन केले आणि जगदीशचंद्र माथुर व पॉल न्यूरथ यांचा त्यावरील अहवाल १९५९ मध्ये युनेस्कोने प्रसिद्ध केला.

या प्रयोगाची नोंद सहसा ‘ग्रामविकासातील पाऊल’ म्हणून होते. प्रसारणाच्या समीक्षेच्या दृष्टीने त्याचे महत्त्व वेगळे आहे. श्रोत्याची प्रतिक्रिया इथे कार्यक्रम संपल्यावर येणारी पावती राहिली नाही. ती पुढच्या कार्यक्रमाचा कच्चा माल झाली. श्रोत्याला शंका विचारण्याचा हक्क होता, आणि उत्तर देणे ही केंद्राची जबाबदारी होती. मराठीत माती-पिकांच्या प्रसारणाचा पाया असा प्रश्नोत्तराचा आहे.

एक तपशील मात्र मराठवाड्याच्या वाचकाने विसरू नये. हा प्रयोग झाला तेव्हा औरंगाबाद हैदराबाद राज्यात होते. मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला तो १ नोव्हेंबर १९५६ रोजी, म्हणजे प्रयोग संपल्यावर सहा महिन्यांनी. पुण्या-नाशिककडची माती प्रश्न विचारत होती, तेव्हा इथली माती त्या यादीतच नव्हती.

दूरचित्रवाणीनेही सुरुवातीला हीच वाट धरली. २६ जानेवारी १९६७ रोजी दिल्लीत ‘कृषी दर्शन’ सुरू झाले, ते परिसरातल्या ऐंशी गावांमध्ये सामुदायिक संच बसवून. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या वर्षात उपग्रहाद्वारे सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत कार्यक्रम पोचवण्याचा ‘साइट’ प्रकल्प झाला. त्यातही प्रेक्षकांचे म्हणणे टिपण्यासाठी अभ्यासक गावांत मुक्काम करून राहिले. शेजारचे गुलबर्गा, विजापूर, रायचूर हे जिल्हे त्यात होते, महाराष्ट्र नव्हता. मराठवाड्याला पुन्हा एकदा शेजारच्याचा संच दुरून पाहावा लागला.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि पुढे ‘आमची माती आमची माणसं’ हा कार्यक्रम घरोघरी पोचला. त्याचे नावच त्याची भूमिका सांगणारे होते. ‘आमची’ हा शब्द दोनदा आल्याने प्रेक्षकाला आपोआप विचारता येई: आमची म्हणजे कोणाची? कोकणातली जांभी, पुण्याकडची मध्यम, की मराठवाड्यातली काळी? शेतीच्या कार्यक्रमात हा प्रश्न अपेक्षितच असतो, कारण तज्ज्ञालाही उत्तर देताना आधी जमीन कोणती ते विचारावे लागते. सणाच्या बागेतून नेमके हेच विचारणे गळून गेले आहे. पडद्यावरची कुंडी कुठलीच नसते, म्हणून ती सगळ्यांची वाटते.

नाताळ आणि दिवाळी

बागकामाचा सणासुदीचा विशेष भाग हा प्रकार ब्रिटनमध्ये चांगला रुजलेला आहे. बीबीसीवर १९६८ पासून ‘गार्डनर्स वर्ल्ड’ चालू आहे. पर्सी थ्रोवर, जेफ हॅमिल्टन, ॲलन टिचमार्श, माँटी डॉन अशी त्याच्या सूत्रधारांची परंपरा आहे, आणि अलीकडे नाताळच्या सुमारास त्याचे हिवाळी विशेष भागही दाखवले जातात. तिथल्या प्रेक्षकाचे या कार्यक्रमाशी नाते घरोब्याचे असते. माँटी डॉन यांच्या मागे मागे बागेत हिंडणारा नायजेल नावाचा कुत्रा २०२० मध्ये गेला, तेव्हा असंख्य प्रेक्षकांनी घरचे कोणी गेल्यासारखा शोक केला. अशी आपुलकी थट्टेचा विषय नाही. दर आठवड्याला त्याच बागेत, त्याच मातीत नेल्याशिवाय ती निर्माण होत नाही.

पण नाताळ आणि दिवाळी यांत मातीच्या दृष्टीने मोठे अंतर आहे. डिसेंबरच्या अखेरीस इंग्लंडमधली जमीन निजलेली असते. दिवस आखूड, बागेत काम थोडे. अशा वेळी सरल्या वर्षाची फुले पुन्हा पाहणे आणि येत्या वसंताचे बेत करणे ऋतूला धरूनच असते. तिथला सणाचा भाग स्मरणरंजन करतो, तो त्याचा अधिकार आहे. आपली दिवाळी मात्र कामाच्या ऐन भरात येते. मराठवाड्यात सोयाबीन नुकते घरात आलेले किंवा बाजारात गेलेले असते, कापसाची वेचणी चालू असते, ज्वारी-हरभऱ्याचा पेरा झालेला किंवा व्हायचा असतो. कुंडीतल्या बागेलाही हाच काळ सर्वांत मोलाचा, कारण मेथी, पालक, कोथिंबीर, टोमॅटो यांचा हंगाम पुढे उभा असतो. ज्या आठवड्यात सांगण्यासारखे सर्वाधिक असते, त्याच आठवड्यात कार्यक्रम फक्त दाखवण्यापुरता उरतो.

वेळेचा हिशोब आणखी एका बाजूनेही चुकतो. दिवाळीला फुललेला झेंडू हवा असेल तर बी जुलै-ऑगस्टमध्ये टाकावे लागते. रोप तयार व्हायला साधारण महिना लागतो आणि लावणीनंतर फुले यायला आणखी दोनेक महिने. शेवंतीचे फुटवे तर उन्हाळ्याच्या अखेरीस किंवा पावसाळ्याच्या तोंडी लावलेले असतात. म्हणजे दिवाळीत दाखवलेली फुलबाग प्रेक्षकाला त्या दिवाळीत करता येत नाही. त्याच्यापुढे दोनच पर्याय राहतात: पाहून खूश होणे, किंवा रोपवाटिकेतून फुललेल्या कुंड्या विकत आणणे. कार्यक्रम बागेचा असतो, पण त्यातून मिळणारी शिकवण खरेदीची असते.

क्रांती चौकातली गच्ची

हा सगळा विचार एका ठिकाणी उतरवून पाहू. छत्रपती संभाजीनगरातला क्रांती चौक हे १८५७ च्या उठावातल्या शिपायांच्या हौतात्म्याचे स्मरण ठेवणारे ठिकाण. जालना रस्ता इथून जातो, उड्डाणपूल आहे, छत्रपती शिवाजी महाराजांचा भव्य अश्वारूढ पुतळा आहे आणि भोवती दुकाने, कार्यालये, सदनिका यांची दाटी आहे. अशा भागातल्या एखाद्या गच्चीवर वा सज्जात सणाची बाग उतरवायची म्हटली, की तीन प्रश्न उभे राहतात.

पहिला मातीचा. इथे सहज मिळते ती काळी माती. शेतात ती ओल धरून ठेवते म्हणून लाखमोलाची. तीच कुंडीत भरली की पाण्याने फुगते, उन्हाने भेगाळते, कडेने सुटते आणि घातलेले पाणी मुळांना न लागता कडेने निघून जाते. तिच्यात वाळू, शेणखत, पालापाचोळा किंवा कोकोपीट मिसळावे लागते. पडद्यावर भुसभुशीत तयार मिश्रण पिशवीतून ओतले जाते तेव्हा ही अडचण दिसतच नाही.

दुसरा उजेडाचा. शेवंती हे आखूड दिवसांचे झाड. रात्र लांबू लागली की ते कळ्या धरते. लांब, अखंड अंधार ही त्याची गरज आहे. रस्त्यावरच्या मोठ्या दिव्यांचा झोत रात्रभर ज्या सज्जावर पडतो, तिथल्या शेवंतीला रात्र झाल्याचे कळतच नाही. ती पालवत राहते, कळ्या लांबतात, आणि घरातले खत बदलून पाहतात. कुंडी अंधाऱ्या बाजूला सरकवा, हे उत्तर साधे आहे. पण प्रश्न ऐकून घेतला तरच ते देता येते.

तिसरा, आणि सर्वांत मोठा, पाण्याचा. या शहराचे पाणी पैठणच्या नाथसागरातून येते आणि नळाला रोज येत नाही. काही दिवसांच्या अंतराने येते. ज्या घरात धुणे कोणत्या दिवशी काढायचे हे नळाच्या पाळीवर ठरते, तिथे ‘रोज सकाळी थोडे पाणी द्या’ हे वाक्य सल्ला म्हणून ऐकले जात नाही. भाज्या धुतलेले पाणी चालेल का, कुंडीवर आच्छादन कशाचे घालू, कोणते झाड पाचव्या दिवसापर्यंत तग धरील, हे इथल्या प्रेक्षकाचे खरे प्रश्न.

विशेष म्हणजे हे शहर बागांना नवखे नाही. सतराव्या शतकात मलिक अंबरने इथे नहर आणली. पाणचक्कीची नहर आजही लोक पाहायला जातात. बीबी का मकबऱ्याचा चारबाग त्याच शतकातला. मुघलकालीन हिमायत बागेत आज कृषी विद्यापीठाचे फळ संशोधन केंद्र आहे. इथल्या प्रत्येक बागेची गोष्ट आधी पाण्याची गोष्ट आहे. त्यामुळे इथला प्रेक्षक बाग पाहून प्रथम पाण्याविषयी विचारतो, तेव्हा तो रसभंग करत नसतो. या शहराने बागेकडे जसे पाहिले, तसेच तो पाहत असतो.

सणाची स्वतःची बाग

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. सणाच्या दिवशी तरी माणसाला पाण्याच्या पाळ्या आठवून द्याव्यात का? चार घटका सुंदर काही पाहू द्या. पण या आक्षेपात सण आणि मातीचे काम एकमेकांच्या विरोधात आहेत असे गृहीत धरले आहे. आपले सण तसे सांगत नाहीत.

नवरात्रात घरोघर घट बसतो. शेतातली माती आणून तिच्यात धान्य पेरतात आणि नऊ दिवस जपून पाणी घालतात. दसऱ्याला शेजारणी एकमेकींना विचारतात: तुमचा घट कसा आला? दाट आला की विरळ, कोणते धान्य चांगले उगवले, पाणी जास्त होऊन माती आंबली का, यावर बोलणे होते. जाणकार त्यावरून बियाण्याचाही अंदाज घेतात. दिवाळीत मुले मातीचा किल्ला करतात आणि त्यावर अळीव किंवा मोहरी पेरतात. सणाला हिरवळ हवी तर आधी काही दिवस पेरले पाहिजे, हे सात-आठ वर्षांच्या मुलालाही कळते. किल्ला बघायला आलेले पाहुणे कौतुक करतातच, पण हे कधी पेरलेस, असेही विचारतात. ‘छान आहे’ आणि ‘कसे केलेस’ ही दोन्ही वाक्ये तिथे एका श्वासात येतात. सणाच्या घरगुती बागेत दाद आणि प्रश्न वेगळे पडलेले नाहीत. पडद्याने ते वेगळे केले.

म्हणून मागणी सण रुक्ष करण्याची नाही. कार्यक्रम दोनदा व्हावा, इतकीच आहे. एकदा आषाढात, बी-फुटव्यांच्या वेळी: दिवाळीची बाग आज सुरू करा, असे सांगणारा. आणि मग दिवाळीत, मधल्या चार महिन्यांत आलेले प्रश्न घेऊन. कोणाची शेवंती दिव्याखाली अडली, कोणाचा झेंडू पाण्यावाचून गेला, कोणी धुण्याच्या पाण्यावर काय जगवले, हे त्यात यावे. फसलेली कुंडीही दिसावी. १९५६ मध्ये आठवड्यातून दोन कार्यक्रम आणि टपाल एवढ्या साधनांवर जे जमले, ते आज न जमण्यासारखे नाही.

समीक्षकांकडेही एक काम उरते. दूरचित्रवाणीवरच्या कार्यक्रमाचे मोल ठरवताना तो किती जणांनी पाहिला आणि किती जणांनी वाखाणला, हे मोजले जाते. बागेच्या कार्यक्रमाला तिसरे माप लावले पाहिजे: त्याने किती प्रश्न जागे केले आणि त्यांतल्या किती प्रश्नांना उत्तर दिले. या मापाने पाहिले, तर चौथ्या दिवशी नळ येईपर्यंत कुंडी कशी जगवू, असे विचारणारी क्रांती चौकातली गृहिणी ही त्या कार्यक्रमाची सर्वांत गंभीर समीक्षक ठरते. तिचा प्रश्न मराठवाड्यातला आहे, आणि मराठवाड्याचे प्रश्न ऐकून घ्यायला प्रसारणाने आधीच पुष्कळ उशीर केलेला आहे.