चेंडूचे थर आणि शोधाची कसोटी

बावधनच्या टेकड्यांवर आज गोल्फचे मैदान आहे. त्यालगतच्या पाषाण परिसरात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा असून तेथे बहुवारिकांवर संशोधन चालते. या दोहोंशी ज्याचा संबंध पोहोचतो, अशा एका अमेरिकन पेटंट-वादाचे परीक्षण प्रस्तुत टिपणात करावयाचे आहे.

सलिव्हन पेटंटांतील चेंडूला गाभा, त्यावर आयनोमरचा कठीण थर आणि सर्वांत बाहेर पॉलियुरेथेनचे मऊ कवच होते. कवचाची शोर डी कठिणता 64 अथवा त्याहून कमी असावी, ही अट होती. अंतर आणि फिरकी यांचा मेळ साधणे, हा हेतू. तथापि कठीण आतला थर व मऊ बाह्य कवच ही रचना नेस्बिटच्या 1984 च्या पेटंटात होतीच, आणि कवचास योग्य द्रव्यांत पॉलियुरेथेनचा उल्लेख मॉलिटरच्या 1981 च्या पेटंटात होता. म्हणून ॲक्युश्नेट कंपनीने कॅलवेविरुद्ध असा बचाव केला की, हा संयोग जाणकाराला सहज सुचण्याजोगा होता.

2007 मध्ये ज्यूरीने नऊपैकी आठ दावे वैध ठरविले आणि एक रद्द केला. रद्द झालेला दावा आश्रित होता. ज्याच्यावर तो अवलंबून होता, तो अधिक व्यापक दावा मात्र वैध ठरला. विशेष सहज सुचते, पण त्याला पोटात घेणारे सामान्य सुचत नाही, हे तर्काला सोडून होय. 2009 मध्ये अपील न्यायालयाने हा निर्णय रद्द करून फेरसुनावणी सांगितली, हे योग्यच झाले. 2010 मध्ये दुसऱ्या ज्यूरीने सर्व वादग्रस्त दावे अवैध ठरविले.

परंतु येथेच खरी उणीव दिसते. ज्यूरी निर्णय देते, त्यामागील विचार सांगत नाही. दोन जुन्या कागदांचा संयोग जाणकाराला कोणत्या कारणाने सुचला असता, हा वादाचा गाभा होता. आणि पहिल्या व दुसऱ्या ज्यूरीत नेमका फरक कोठे पडला, हे संशोधकाला त्या निर्णयांवरून उमगत नाही.

आपल्याकडे न्यायाधीशाला कारणे द्यावी लागतात. बिश्वनाथ प्रसाद विरुद्ध हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज या 1978 च्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने कारखान्यातील साधी सुधारणा म्हणजे शोध नव्हे, हे कारणांसह मांडले. 1970 च्या कायद्यातील सध्याच्या व्याख्येत तांत्रिक प्रगती किंवा आर्थिक महत्त्व यांचा उल्लेख आहे. मात्र त्यासोबत जाणकाराला ते सहज न सुचणे, ही अटही आहेच. तेव्हा एखाद्या वस्तूचा खप कितीही असला, तरी तेवढ्याने ही दुसरी अट पुरी झाली असे मानता येणार नाही.

पाषाणच्या प्रयोगशाळेत द्रव्ये एकत्र आणणाऱ्या संशोधकाला या प्रश्नाची झळ थेट लागते. कसोटी सैल झाली, तर सामाईक ज्ञानावर कोणाची तरी मक्तेदारी बसेल. अवाजवी कडक झाली, तर कष्टाने साधलेला संयोग निकालानंतरच्या शहाणपणाने क्षुल्लक ठरेल. कारणे लेखी देणे, हाच या दोन्ही धोक्यांवरचा विश्वासार्ह उपाय होय.