तक्त्यातली केबल आणि मुळशीतली केबल

मंडळी, पौड सोडून ताम्हिणीकडे निघालं की मोबाइलची रेंज कुठे कुठे जाते, हे इथे बसलेल्यांना सांगायला नको. पावसाळ्यात वीजही गेली की हॅम रेडिओचा आधार वाटतो. पण त्या रेडिओची ताकद बरेचदा अँटेनापर्यंत पोचायच्या आतच, केबलमध्ये, संपलेली असते.

हा तोटा काढायची रूढ रीत अशी: तक्ता उघडायचा, १०० मीटरला किती डेसिबेल ते बघायचं, लांबीच्या हिशेबात बसवायचं, झालं. रीत चूक नाही. आमचा आक्षेप आहे तो तिथेच थांबण्याला.

आरजी-५८ ही बारीक केबल घ्या. १४५ मेगाहर्ट्झला ती १०० मीटरमागे साधारण २० डेसिबेल खाते, म्हणजे ३० मीटरला ६. खालून ५० वॅट सोडले तर वर पोचले साडेबारा. ४३५ मेगाहर्ट्झला वारंवारता तिप्पट. तोटा मात्र तिप्पट होत नाही, ढोबळमानाने वर्गमुळाच्या प्रमाणात, पावणेदोन पट वाढतो. तरी वर उरतात जेमतेम साडेचार वॅट.

(आपल्याच जिल्ह्यात खोडदला जीएमआरटीच्या ३० डिश सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात आहेत. त्यांचे सिग्नल ऑप्टिकल फायबरने आणतात. १०० मीटरला ५ डेसिबेल घेणारी जाड, चांगली केबल १० किलोमीटर टाकली असती, तर तोटा ५०० डेसिबेल. हातात काहीच आलं नसतं.)

पण हे सगळे आकडे नव्या, कोरड्या केबलचे, तेही अँटेना ५० ओहमशी नीट जुळलेला असेल तर. जुलै २०२४ मध्ये ताम्हिणीत एका दिवसात ५०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला. अशा पावसात पाणी कनेक्टरमधून शिरतं, तांब्याच्या जाळीतून झिरपत खाली येतं, जाळी काळी पडते. तक्त्यात याचा रकाना नाही.

आणि खरी गंमत, खरं तर धोका, पुढे आहे. आपण एसडब्ल्यूआर मीटर बघतो, काटा दीडच्या आसपास दिसला की खूश. आम्हीही झालोय! आता समजा, वाऱ्याने अँटेना तुटून पडला. त्याच ३० मीटर केबलमध्ये जाताना ६ आणि परत येताना ६ डेसिबेल गेले. परतलेली ताकद इतकी क्षीण, की मीटर दाखवतो १.७ च्या आसपास. वर अँटेनाच नाही, आणि खाली सगळं ठीक! केबल जितकी वाईट, तितका मीटर गोड बोलतो.

मग करायचं काय? अँटेनाकडचं टोक सोडवून उघडं ठेवा. ट्रान्समीटर अजिबात लावू नका. अँटेना ॲनालायझरने खालून रिटर्न लॉस मोजा. त्याचा निम्मा म्हणजे तुमच्या केबलचा तोटा. १२ आला तर ६. मे महिन्यात एकदा मोजा, ऑक्टोबरात पुन्हा त्याच वारंवारतेला मोजा, आणि दोन्ही आकडे रेडिओशेजारी भिंतीवर लिहून ठेवा. फरक एखाद्या डेसिबेलहून जास्त दिसला, तर आधी वरचा कनेक्टर उघडून बघा. पाणी बहुतेक तिथूनच शिरलेलं असतं.