सत्यनारायणाची पोथी, मोळीविक्याच्या बाजूनं

आपल्या कवितेत देवाला शिव्या पुष्कळ आहेत. मीही लिहिल्यात, मागे घेत नाही. पण शिव्या देणाऱ्यांपैकी कितीजणांनी सत्यनारायणाची पोथी शेवटपर्यंत वाचलीय? भटजी नाकातल्या नाकात वाचतो, बायका शिऱ्याकडं बघतात, पोरं पळतात. ऐकतं कोण? नवी खोली घेतली, लग्न झालं, की चौरंग आणि केळीचे खुंट घरात येतात. आपल्या वस्तीतही येतात. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी आठवी नेमकी ब्राह्मणाच्या हातून क्रियाकर्म न करण्याची आहे. ती भिंतीवर फ्रेममध्ये आणि खाली चौरंग, असं मी पाहिलंय.

म्हणून ही पोथी साहित्य म्हणून वाचली. गोष्ट आहे, पात्रं आहेत, मग लेखक पात्रांशी कसा वागतो ते बघायला नको? विद्यापीठातले समीक्षक इकडं फिरकत नाहीत. त्यांना बहुधा प्रसाद मिळालेला असतो.

दुसऱ्या अध्यायात मोळीविक्या येतो. तहानेनं व्याकुळ. मोळी बाहेर ठेवून ब्राह्मणाच्या घरात शिरतो. पूजा चाललेली. विचारतो, यानं काय मिळतं? सगळं मिळतं, असं उत्तर येतं. पाणी पितो, प्रसाद खातो आणि मनात ठरवतो, आज लाकडाचा जो पैसा येईल त्यात ही पूजा करीन. त्या दिवशी त्याला दुप्पट भाव मिळतो.

मी सूतगिरणीत रिंगवर आहे. पाळीभर तुटलेले धागे सांधायचे. दर वाढणं म्हणजे काय, ते आम्हाला विचारा. गेटवर सभा, नोटीस, बदलीवाल्यांचे खाडे, बायकोच्या कानातलं मोडणं. पोथीत नुसतं मनात बोलला, भाव दुप्पट! बरं, तो त्या दिवशी श्रीमंतांच्या वस्तीत गेला होता, हे पोथीच सांगते. कारण समोर आहे, श्रेय देवाला. आणि पैसा गेला कुठं? केळी, साखर, तूप, दूध, गव्हाचं पीठ, सगळं सव्वाच्या मापानं. पूजेचा विधी सांगताना पोथीनं ब्राह्मणाला दक्षिणाही घालून ठेवलीय. वाढलेली मजुरी त्याच फेरीत वसूल.

एक कार्यकर्ता मित्र म्हणतो, "अरे, ही पोथी तितकी वाईट नाही. पूजा सगळ्या वर्णांना खुली. ब्राह्मणाच्या घरात भिल्लाला पाणी मिळतं. गवळ्यांचा प्रसाद राजानं टाकला तर त्याचे शंभर मुलगे जातात. ही समताच की." प्रश्न खरा आहे, उडवून लावता येत नाही. २० मार्च १९२७ ला महाडच्या तळ्यावर ओंजळभर पाण्यासाठी काय सोसावं लागलं ते ठाऊक असलेल्याला पोथीतलं पाणी गोड लागणारच. शिवाय बंगालात हाच देव सत्यपीर म्हणून पुजतात, शिरणी चढवतात, तिथल्या कथांत तो फकिराच्या वेषात येतो. म्हणजे हिंदू-मुसलमान दोन्ही गरिबांचा. आपल्याकडच्या संस्कृत पोथीत फकीर नाही. म्हातारा ब्राह्मण आहे, दंडी संन्यासी आहे.

पण मित्रा, शेवटचं पान उलट. बाजारातल्या पुष्कळ प्रतींत पाचव्या अध्यायाच्या अखेरीस कोण पुढच्या जन्मी काय झाला याची यादी असते. गरीब ब्राह्मण सुदामा झाला, कृष्णाचा मित्र. उल्कामुख राजा दशरथ झाला. साधुवाणी मोरध्वज राजा झाला. मोळीविक्या? तो गुह. गुहही राजाच म्हणा, पण रामायणात त्याचं काम काय, तर नाव आणून देणं आणि रामाच्या सेवेला उभं राहणं. आणि गवळ्यांचा प्रसाद झिडकारणारा तुंगध्वज? तो झाला स्वायंभुव मनू. मनू! ज्याच्या नावाचा ग्रंथ २५ डिसेंबर १९२७ ला त्याच महाडात जाळला. शिक्षा भोगून सुधारलेल्या राजाला पोथीनं बक्षीस दिलं ते हे. खर्च सगळ्यांनी केला, वाटप आपापल्या पायरीनं. गिरणीतला बोनससुद्धा असाच, पगाराच्या टक्क्यानं.

दुसरी गोष्ट भीतीची. साधुवाण्याची लेक कलावती नवरा परत आला म्हणून प्रसाद न घेता धावत सुटते, आणि नवऱ्यासकट नाव पाण्यात गडप. केवढा गुन्हा केला पोरीनं! आपल्या आयाबहिणी पूजेला बसतात त्या श्रद्धेपेक्षा या नावेच्या धाकानं. पोर तापानं फणफणलं की प्रतिज्ञा पाठ असलेला बापही गप्प बसतो. काही जणांनी चौरंग लाथाडून बघितला. चौरंग गेला. आई आता शेजारणीकडं जाऊन पूजेला बसते.

आम्ही दुसरं काढलंय. रविवारी विहारात पोथी वाचतो. भटजी नाही, घंटा नाही, मराठीत, अर्थासकट, एका बैठकीला एक अध्याय. परवा चौथा झाला. कलावतीपाशी बायका थांबल्या, बराच वेळ आपसात बोलल्या. एका आजीनं विचारलं, "वाण्याच्या बायकूचं नाव लीलावती, लेकीचं कलावती. मोळीविक्याच्या बायकूचं काय रं?" मी मागची पानं चाळली. बायकोचा पत्ताच नाही. त्याचं स्वतःचंही नाव कुठं दिलेलं नाही.

येत्या रविवारी पाचवा आहे.