ड्यूकसाहेबांचं एकतर्फी खातं

प्रेमात हिशेब नसतो, असं कवी म्हणतात. कॉमर्सवाल्याला हे पटत नाही. हिशेब असतोच, पण कित्येकदा तो एकाच बाजूनं लिहिलेला असतो. नमुना पाहायचा असेल तर रॉबर्ट ब्राउनिंगची 'माय लास्ट डचेस' ही १८४२ सालची कविता वाचावी.

५६ ओळींत बोलतो फक्त फेराराचा ड्यूक. समोर बसलाय नव्या सोयरिकीचा मध्यस्थ. आणि ड्यूकसाहेब त्याला दाखवतात काय, तर गेलेल्या बायकोची तसबीर! तिच्यावर पडदा. तो सरकवायचा हक्क यांचा एकट्याचा. तक्रार एवढीच, की बाई सगळ्यांकडे पाहून सारख्याच हसायच्या. चेरीची डहाळी आणून देणारा काय आणि ९०० वर्षांचं घराण्याचं नाव देणारा नवरा काय, हसू तेच. साहेबांनी हुकूम सोडला. हसणं बंद झालं. आणि पाठोपाठ हुंड्याचा विषय!

आता आम्हां बँकवाल्यांना ताबा आणि मालकी यांतला फरक पहिल्या दिवशीच शिकवतात. दागिना तारण ठेवला तर ताबा बँकेचा, मालकी ज्याची त्याची. पेरणीच्या तोंडावर कर्ज काढणाऱ्या आमच्या वर्धेकडच्या माणसाला हे पाठ असतं. पोत बायकोची आणि सही नवऱ्याची, ही गोष्ट वेगळी. ड्यूकला मात्र ताबाही हवा, मालकीही हवी, आणि वर माणूस जिवंत असण्याची कटकट नको. तसबीर बरी. ती पडद्याबाहेर हसत नाही.

ब्राउनिंगची खुबी अशी, की तो मध्ये 'छे छे' म्हणत नाही. ड्यूकला बोलू देतो. गोड बोलता बोलता गडी स्वतःविरुद्धचा पुरावा स्वतःच लिहून देतो. आणि पहिल्या वाचनात आपणही त्या मध्यस्थासारखी मान डोलावत बसतो, ही खरी भीती. काउंटरवर बाईंना नाव विचारावं, तर शेजारचा नवरा सांगतो. वर कौतुकानं म्हणतो, "तिला मी कसला म्हणून त्रास पडू देत नाही." आपण म्हणतो, किती जपतो हो!

नशिबाचा खेळ पाहा. १८४६ साली ब्राउनिंगला एलिझाबेथ बॅरेटशी गुपचूप लग्न करावं लागलं, कारण तिच्या वडिलांना आपल्या एकाही मुलाचं लग्न झालेलं चालत नसे. कवितेतला ड्यूक चार वर्षांनी सासरा होऊन पुढ्यात आला!

पुढं भा. रा. तांब्यांनी ब्राउनिंगच्या वळणाचं नाट्यगीत मराठीत रुजवलं. त्यांच्या 'नववधू'त तिची भीती आणि ओढ तिच्याच तोंडून येते, प्रियकर गप्प. खात्याची दुसरी बाजू मराठीत अशी भरली गेली.

म्हणून माझी एक सूचना आहे. लग्न ठरवताना पत्रिका पाहण्याऐवजी मुलाला अर्धा तास एकट्यालाच बोलू द्यावं. परीक्षा बिनखर्चाची आहे. फक्त ऐकणाऱ्यानं जाऊन मुलीकडच्यांना सगळं सांगायला हवं. त्या मध्यस्थानं सांगितलं की नाही, यावर कविता गप्प आहे.