कंपवाताच्या निबंधातून सुटलेली चिंता

लंडनचे शल्यवैद्य जेम्स पार्किन्सन यांचा कंपवातावरील निबंध १८१७ साली प्रसिद्ध झाला. अवघ्या ६६ पानांचा हा निबंध निरीक्षणाचा वस्तुपाठ म्हणून विद्यार्थ्यांना आजही दाखवावा, असा आहे. त्यात रुग्ण फक्त ६. त्यांपैकी दोघे रस्त्यात भेटलेले, तर एक नुसता दुरून पाहिलेला. तरीही हाताचा कंप, पुढे झुकलेली चाल, बिघडलेली झोप, इतकेच काय बद्धकोष्ठही लेखकाच्या नजरेतून निसटले नाही. शवविच्छेदनाचा पुरावा आपल्यापाशी नाही, हेही त्यांनी मोकळेपणाने सांगितले आहे.

मात्र निबंधाच्या आरंभीच्या व्याख्येत ते म्हणतात, की या रोगात ज्ञानेंद्रिये व बुद्धी शाबूत राहतात. आमचा आक्षेप येथे आहे. ६ रुग्णांवरून, त्यांतही निम्म्यांशी जेमतेम ओळख असताना, मनाविषयी इतके ठाम विधान करता येत नाही. रस्त्यात माणसाची चाल दिसते, चिंता दिसत नाही. पुढे बराच काळ कंप आणि ताठरपणा एवढाच रोग मानला गेला. आपले ‘कंपवात’ हे नावही त्याच बाजूला झुकते. वास्तविक काही रुग्णांना कंप नसतोच. उलट सुमारे तिघांत एकाला चिंताविकार असतो आणि काहींत तो हालचाली मंदावण्याच्या कित्येक वर्षे आधी दिसतो. त्याचे एक कारण असे, की हा रोग डोपामीनबरोबरच सेरोटोनिन व नॉरअ‍ॅड्रेनॅलिन बनविणाऱ्या पेशींनाही ग्रासतो.

हे विस्मरण घरोघर महाग पडते. कसे ते पाहू. देवरूखच्या आसपासच्या मुलांना खाजकुइली चांगली ठाऊक असते. तिच्या बियांतून १९३७ साली मद्रासच्या दामोदरन व रामस्वामी यांनी लेव्होडोपा हे द्रव्य वेगळे केले. आज या रोगावरचे ते मुख्य औषध आहे (बियांचे चूर्ण आपल्या मनाने घेणे मात्र धोक्याचे). रक्तातील त्याचे प्रमाण साधारण दीड तासात निम्म्यावर येते. रोग जुना झाला, की पुढची गोळी घेण्याआधीच पहिलीचा असर ओसरू लागतो. अंग जड होते आणि त्याच वेळी काहींच्या छातीत धडधडते, भीती दाटते. पुढची गोळी लागू पडली, की ती निवळते. घरची माणसे मात्र ‘आजोबा फार मनाला लावून घेतात’ असे म्हणतात आणि झोपेची गोळी मागतात.

डायझेपाम, अल्प्राझोलाम यांसारख्या गोळ्यांनी चिंता तात्पुरती शमते. पण गुंगी येते, गोंधळ वाढतो आणि तोल जातो. ज्याचा तोल रोगानेच डळमळीत केला आहे, अशा वृद्धाचे खुब्याचे हाड मोडायला एक पडणे पुरते. ही दोन्ही औषधे २०१४ पासून एच-१ अनुसूचीत आहेत. दुकानदाराने ती चिठ्ठीशिवाय देऊ नयेत व विक्रीची नोंद वेगळ्या वहीत ठेवावी, असा नियम आहे. जे ती रोज घेत आहेत, त्यांनी ती एकदम थांबवू नयेत. त्याने झटकेही येऊ शकतात. सेरोटोनिन वाढविणारी औषधे चिंतेवर दिली जातात. परंतु रुग्णाला सेलेजिलिन किंवा रासाजिलिन चालू असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगितलेच पाहिजे.

११ एप्रिल, पार्किन्सन यांचा जन्मदिवस, जागतिक पार्किन्सन दिन म्हणून पाळला जातो. त्या निमित्ताने शिक्षकांनी हा निबंध वर्गात जरूर सांगावा, पण त्यातली उणीवही सांगावी. आणि ज्या विद्यार्थ्याच्या घरी असा रुग्ण आहे, त्याला आठवडाभराचे एक काम द्यावे. कागदावर दोन रकाने आखायचे: एकात गोळीची वेळ, दुसऱ्यात भीती वाटल्याची वेळ. दुसरा रकाना रुग्णाला विचारूनच भरायचा. असा कागद हाती असला, म्हणजे नवी गोळी हवी की जुन्या गोळ्यांच्या वेळा बदलायच्या, हे ठरविणे डॉक्टरांना सोपे जाते.