राक्षसाला काय झालंय, हे कशावरून कळतं?

दशावतारातला राक्षस शुद्धीत आहे, घायाळ आहे की कुणाच्या मोहात सापडला आहे, हे देवगड तालुक्यातल्या प्रेक्षकाला सांगावं लागत नाही. कुणकेश्वरच्या आसपासच्या गावांत जत्रांचा हंगाम सुरू झाला की देवळापुढे धयकालो, म्हणजे दशावताराचा खेळ, उभा राहतो. पहाट जवळ आलेली असते, निम्मी माणसं पेंगत असतात; पण मृदंगाची थाप बदलली की डोळे उघडतात आणि थेट नटाच्या पायांकडे जातात. राक्षसाचं काय झालंय ते पायांतच दिसणार, हे त्यांना ठाऊक असतं.

याच गावांतली मुलं मोबाइलवर आणि संगणकावर जे राक्षस मारतात, त्यांच्या डोक्यावर मात्र खुणांची पट्टी असते. जांभळा थेंब म्हणजे विष, निळी चांदणी म्हणजे गोठलेला, फिरते तारे म्हणजे स्टन, म्हणजे बधिर झालेला. खेळाडू या सगळ्याला मिळून डिबफ म्हणतात. ऑनलाइन रोल-प्लेइंग खेळांत शत्रूची अवस्था ओळखणं हे निम्मं कौशल्य आहे, आणि ती अवस्था दाखवणं ही खेळ करणाऱ्यांची कला. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या कलेचा हिशेब वाढत गेला आणि अभिनय आटला, असं माझं मत आहे. उलटे, चांगले प्रयत्नही झाले. पण ते थोडे.

सुरुवातीला सगळं तोंडी होतं. १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आला तेव्हा राक्षस आंधळा झाला की लंगडा, हे खेळ चालवणारा माणूस टेबलावर बोलून सांगायचा. मजकुरावर चालणाऱ्या पहिल्या ऑनलाइन खेळांत तेच काम वाक्यं करत. चित्र आलं तेव्हा वाक्याची जागा राक्षसाच्या देहाने घ्यायला हवी होती. ती घेतली चौकोनी खुणांनी.

याचा कळस २००४च्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये दिसतो. एका मोठ्या राक्षसावर चाळीस खेळाडू तुटून पडणार, आणि त्याच्या अंगावर एका वेळी डिबफ मावणार फक्त ८. पुढे ही मर्यादा १६ झाली, २००७च्या सुमारास ४०. नववी अवस्था आली की आधीची एखादी बाहेर. त्यामुळे गर्दीच्या एसटीत रुमाल टाकून जागा धरावी तशी राक्षसाच्या अंगावर जागा धरली जाई. कुणाचा शाप राहणार, कुणाचं विष नको, हे म्होरक्या आधीच ठरवून देई. हळूहळू झिजवणारे मंत्र हीच ज्याची खरी ताकद, त्या वॉरलॉकला सांगितलं जाई की बाबा रे, तुझं ते राहू दे, तू आपला सरळ मारा कर. या टंचाईतून एक शिस्त जन्माला आली, हे मान्य. काय टाकायचं यापेक्षा काय टाकायचं नाही, हे कळणारा खेळाडू तिथे घडला. पण त्याचा राक्षसाशी संबंध काय? या खेळातला रॅग्नारोस हा अग्नीचा अधिपती. त्याच्यावर सोळा अवस्था असोत की एकही नसो, तो त्याच ऐटीत उभा. विष चढलंय तर मान कलत नाही, शाप लागलाय तर आवाज फाटत नाही. जे काही होतं ते पट्टीवर होतं.

‘गिल्ड वॉर्स २’ने (२०१२) तीच चूक आकड्यांत केली. रक्तस्रावासारख्या अवस्थेचे थर एका शत्रूवर २५पर्यंतच चढत, आणि ते सगळ्या खेळाडूंत मिळून. मैदानात पन्नास जण आले की ज्याचं सारं बळ अशा अवस्थांवर, त्याचा मारा वाया. २०१५ साली ती मर्यादा १५००वर नेली. अन्याय दूर झाला. पण पंधराशे थरांचा रक्तस्राव कसा दिसतो? पंचविसांसारखाच. फक्त कोपऱ्यातला आकडा मोठा.

मग पट्टी वाचायचा कंटाळा आला आणि पट्टी वाचून दाखवणारी साधनं आली. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’च्या खेळाडूंनीच बनवलेले ‘वीकऑराज’, ‘डेडली बॉस मॉड्स’ यांसारखे अॅडऑन पडद्याच्या मध्यभागी ठळक अक्षरांत सांगू लागले: आता पळा, आता थांबा, आता अमुक मंत्र टाका. पडद्याच्या टोकाला डोंगराएवढा राक्षस गर्जतोय आणि त्याच्याकडे कुणी पाहत नाही, असा हा रंगमंच. २०२५मध्ये ब्लिझार्डने जाहीर केलं, की ‘मिडनाइट’ या पुढच्या भागापासून लढाई चालू असतानाची माहिती अॅडऑनना पूर्वीसारखी मिळणार नाही. निर्णय योग्य आहे, पण फार उशिरा घेतलेला. अॅडऑन सगळ्यांकडे आहेतच असं धरून लढाया रचायच्या, त्या अॅडऑनशिवाय वाचताच येणार नाहीत इतक्या गुंतागुंतीच्या करायच्या, आणि मग अॅडऑन काढून घ्यायचे, याला सुधारणा म्हणण्याआधी राक्षसाला देह द्यावा लागेल.

पट्टीची बाजूही ऐकायला हवी. चाळीस जणांचे मंत्र एकदम फुटतात तेव्हा राक्षस दिसतच नाही. दिसतो तो आतषबाजीचा ढीग. मोबाइलच्या सहा इंची पडद्यावर पायाची चाल काय दाखवणार? दशावतारात एका वेळी एक राक्षस आणि एक देव. ही चैन ऑनलाइन खेळांना नाही. म्हणून पट्टी हवी. माझी तक्रार पट्टीच्या मक्तेदारीबद्दल आहे.

कारण दुसरी वाट फार पूर्वी सापडली होती. २००२च्या ‘रॅग्नारोक ऑनलाइन’मध्ये शत्रू गोठला की बर्फाच्या ठोकळ्यात दिसायचा, आणि तेवढ्यावर थांबायचं नाही: गोठलेला शत्रू पाण्याच्या गुणाचा होई, म्हणून त्याच्यावर वीज जास्त लागे. डोळ्याला दिसणारी गोष्ट आणि नियम यांची इथे गाठ होती. खूण पाठ करायची गरज नाही. ओल्या अंगाला वीज लागते हे पोरालाही कळतं. ‘गेन्शिन इम्पॅक्ट’ने (२०२०) हेच सूत्र देखणं केलं. भिजलेला शत्रू, पेटलेला शत्रू, आणि दोन्हींची गाठ पडली की होणारी वाफ. पण त्यात पात्रं इतक्या झपाट्याने बदलावी लागतात, की खेळाडू परत शत्रूच्या डोक्यावरच्या लुकलुकत्या चिन्हाकडेच वळतो.

या प्रांतातलं सर्वांत चांगलं काम मला ‘मॉन्स्टर हंटर’मध्ये दिसतं. मालिका २००४ची, जगभर पोचली ती २०१८च्या ‘वर्ल्ड’मुळे. मोठ्या प्राण्यांना जीवनपट्टीच नाही. दमला की तोंडातून लाळ गळते, हल्ला फसतो. मरणाच्या जवळ आला की लंगडत गुहेकडे जातो आणि झोपतो. अर्धांगाचा झटका आला की अंग थडथडतं. एकच गोष्ट त्याला पुन्हा पुन्हा करायला गेलात तर दर वेळी जास्त मात्रा लागते, म्हणजे प्राण्याला जणू सवय होते. ‘वर्ल्ड’मध्ये पकडण्याजोगा झाला की प्राण्याच्या चिन्हावर कवटी उमटते, ही सवलत नसती तरी चाललं असतं. याउलट २०२२च्या ‘एल्डन रिंग’मध्ये शत्रूच्या अंगात रक्तस्राव किती साचला हे काहीच दिसत नाही, आणि मग एकदम रक्ताचा फवारा. काही जण याला कसदार अवघडपण म्हणतात. मला तो कंजूषपणा वाटतो. माहिती लपवणं आणि माहिती देहात उतरवणं यांत फरक आहे.

तो फरक भस्मासुराच्या आख्यानात स्वच्छ दिसतो. मोहिनी नाचते, भस्मासुर तिची नक्कल करतो. खेळाच्या भाषेत त्याच्यावर ‘मोह’ हा डिबफ लागलाय. पण चांगला नट तो हळूहळू लावून घेतो. आधी फक्त नजर अडकते, मग ताल चुकतो, मग चाल तिची होते, शेवटी हात. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, त्यामुळे हे किती लांबवायचं ते दोन नट आणि मृदंगवाला तिथल्या तिथे ठरवतात. ज्या हाताने डोकं शिवलं की तो स्वतःच भस्म होणार, तो हात डोक्याजवळ जातो, परत येतो. राक्षसाला जे अजून कळलेलं नाही ते प्रेक्षकाला कळलेलं आहे, यात सगळी मजा. खेळातली पट्टी किती सेकंद उरले ते अचूक सांगते. पण तिथल्या राक्षसाला काही कळत आहे किंवा नाही, असा प्रश्नच उद्भवत नाही. संकासुराचं तर आणखी नवल. तोंडावर काळा बुरखा, त्याला लाल जीभ. चेहरा वापरायची सोयच नाही. तरी मालवणीत बोलता बोलता तो कधी मस्तीत आहे आणि कधी टरकलाय, हे शेवटच्या रांगेपर्यंत पोचतं. बिनचेहऱ्याचे राक्षस करणाऱ्यांनी हा संकासुर बघावा.

गंमत अशी, की खेळ चाचपडत देहाकडे येत असताना दशावतार पट्टीकडे निघालाय. सिंधुदुर्गात आता ‘ट्रिकसीनयुक्त’ प्रयोगाची जाहिरात जोरात होते. शाप लागला की लाल झोत, देव प्रकटला की धूर. शिट्ट्या पडतात, आणि पडणारच. मला ट्रिकसीनचं वावडं नाही. हा खेळ सोवळा कधीच नव्हता, पेट्रोमॅक्स आला तेव्हाही कुणीतरी कुरकुरलं असेल. पण लाल झोताने एकदा सांगून टाकलं, की नटाने कशासाठी सांगायचं? झोत पडल्यावर काही नट नुसते उभे राहतात. रॅग्नारोसासारखे.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२०मध्ये ‘राजी’ आणला. ऑनलाइन नाही आणि रोल-प्लेइंगही नाही, पण राक्षसांशी लढणाऱ्या मुलीची आपल्याकडची गोष्ट. गोष्ट सांगताना त्यांनी छायाबाहुल्यांची रीत वापरली, आणि ती सुंदर उतरली. लढाई सुरू झाली की मात्र राक्षस इतर कुठल्याही खेळातल्या राक्षसासारखे मार खातात. लोककलेचा उपयोग निवेदनाला झाला, राक्षसाच्या अंगाला लागला नाही. पुढचा खेळ जो कुणी करील त्याने चित्रकाराबरोबर एक मृदंगवालाही बोलवावा. राक्षसाची अवस्था बदलली हे पडद्यावर दिसण्याआधी कानावर पडावं, एवढं एक काम जरी त्याने केलं, तरी सहा इंची पडद्याची अडचण निम्मी सुटेल.